हातात राहिलेलं अर्धं संत्रं
संत्रं सोललं की त्या वासानं मला अकोल्यात होणाऱ्या कॉलेजांच्या फुटबॉल फायनलची एक दुपार आठवते. बाबा आणि त्यांच्या कॉलेजच्या टीममधला गोलकीपर दोस्त दर वर्षी मैदानाच्या एकाच पायरीवर बसत, हाफटाइमला एक संत्रं अर्धं-अर्धं खात आणि भांडत. बाबा म्हणायचे, "फ्री किक मारावी त आमच्या टायमाच्या पोट्ट्यायनं! चामड्याचा जड बॉल, तोही अनवाणी पायानं." दोस्त म्हणायचा, "आताचे पोट्टे भारी हायेत, मान न लेका!" एका उन्हाळ्यात दोस्त वारला, म्हणून त्या वर्षी बाबांसोबत मी गेलो. हाफटाइमनंतर अमरावतीच्या एका पोरानं फ्री किकवर समोर उभ्या सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल असा वळवला, की तो थेट गोलच्या कोपऱ्यात. बाबांना चेव यावा म्हणून मी म्हणालो, "तुमच्या टायमाले असं मारे का कोणी?" बाबा भांडलेच नाहीत. "नाई मारे," ते हळूच म्हणाले, "हे म्या त्याच्यासमोर मानाले पायजे होतं." दोस्ताच्या वाट्याचं अर्धं संत्रं मॅच संपेपर्यंत त्यांच्या हातात तसंच होतं. आता बाबाही नाहीत. टीव्हीवर कोणी सुरेख किक मारली, की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, "पयलेचेच पोट्टे भारी होते." घरात कोणी भांडतच नाही.