कमोडला जीवामृत

संडास तुंबला की घरातली माणसं आधी गप्प होतात. मोकळा झाला की वर्षभर बोलत राहतात! आमच्याकडं आता बारसं असो की जावळ, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "शीतल, ते कमोडचं सांग की!" मी सांगते. कारण वडीलधाऱ्यांवर सोडलं तर त्यात सगळं त्यांनीच केलेलं असतं आणि मी नुसती मध्ये मध्ये बोलत असते!

तर ऐका. मी बी.एस्सी. झालेय, कळंबात क्लासवर विज्ञान शिकवते. घरात आई, अण्णा आणि तात्या. अण्णा म्हणजे माझे वडील, एस.टी.तून रिटायर झालेले. तात्या त्यांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द तात्यांचा. पहिलाही त्यांचाच!

* * *

आईचे गुडघे गेले, तिला उकिडवं बसता येईना. मी भांडून भांडून जुना संडास फोडायला लावला आणि तिथं कमोड बसवला. घरात संडास एकच. तात्यांनी दारातून नुसतं डोकावून पाहिलं.

"खुर्चीवर बसायचं? संडास हाय का ऑफिस?"

काही दिवस ते रुसून शेतात जात राहिले. मग एकदा पाऊस लागला आणि नाइलाजानं कमोडवर बसले. बसले ते बसलेच! पुढं खरंच तिथं त्यांचं ऑफिस भरायला लागलं. मोबाइल घेऊन आत जायचे, ऊसतोडीपासून सोयरिकीपर्यंत सगळे फोन तिथूनच.

एकदा पलीकडच्या पाहुण्यानं विचारलं, "तात्या, आवाज लई घुमायलाय. येडशीच्या रामलिंगाच्या देवळात आहात का?"

"व्हय, येडशीलाच हाय," तात्या आतून म्हणाले. "रांगेत!"

रांगेत मी होते. बाहेर!

* * *

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन बार्शीला झालं. शनिवारी घरी सोडणार होते. त्याच आठवड्यात कमोडचं पाणी हळूहळू उतरायला लागलं.

मी म्हटलं, "चेंबर उघडून बघू."

तात्या म्हणाले, "गप. टाकीतले जिवाणू मेलेत. तुमी पोरी ते फिनेल ओतता ना, त्यानं."

आणि त्यांनी जीवामृत केलं. शेतात टाकतात ते! शेण, गोमूत्र, गूळ, बांधावरची माती आणि बेसन. बादलीभर.

"तात्या, बेसन?"

"मग? जिवाणू उपाशीपोटी काम करत्यात व्हय?"

माझं ऐकून घ्यायच्या आत बादली कमोडमध्ये रिकामी! इतके दिवस हळूहळू उतरणारं पाणी त्या दुपारी जागेवरच थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत बोटभर फेस आणि बुडबुडे. गल्लीच्या तोंडापर्यंत वास!

तात्यांनी वाकून पाहिलं, खूश झाले. "बघ! जिवाणू वर यायलेत!"

* * *

मग तात्यांना 'आपला माणूस' आठवला. प्रत्येक वडीलधाऱ्याकडं असा एक आपला माणूस असतो. तो पांढऱ्या कपड्यांत येतो आणि त्याच्या मागं आणखी दोघं येतात.

आला. चहा पिला. संडासाच्या दारासमोर तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तिथल्या तिथं स्टेटसला टाकला, 'नागरिकांच्या अडचणी जाणून घेताना'. "काम झालं समजा!" म्हणाला.

उठताना मात्र तात्यांच्या कानाशी लागला, "तात्या, तेवढं लघवीला कुठं जाऊ?"

* * *

घर सांभाळायला ईट गावाहून आत्या आली होती. अण्णा-तात्यांना शेत होतं. आम्हा दोघींना शेजारच्या गायकवाड मॅडमचा आधार. मॅडम शाळेत शिक्षिका, त्यांचा संडास अंगणात, उकिडवं बसायचा, कुलूप लावलेला.

आता आत्याचं सांगते. मॅडमचं घर बौद्धांचं. आत्या आमच्याकडं आली की त्यांच्याशी तासभर गप्पा मारायची, पण चहाची वेळ झाली की तिला कायम उपवास असायचा! सगळ्या गल्लीला ते कळत होतं. मॅडमलाही.

पहिल्या दिवशी सकाळी आत्या घाईघाईत त्यांच्या दारात. "मॅडम, किल्ली द्या की."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या ना आत्या, बसा. चहा ठेवलाय."

"न्हाय, ते... माझा उपवास हाय."

"उपवासाला चहा चालतो की! आमच्याकडं पाव्हण्याला चहा पाजल्याशिवाय किल्ली द्यायची पद्धत न्हाय."

मी कुंपणाच्या अलीकडं उभी. मॅडमच्या एका हातात बशी, दुसऱ्या हातात किल्ली. आत्या एका पायावरून दुसऱ्या पायावर! शेवटी तिनं बशी घेतली आणि कडक चहा एका दमात संपवला.

घरी आल्यावर मी विचारलं, "आत्या, त्यांचा संडास चालतो आणि चहा चालत नव्हता व्हय?"

आत्या पदर खोचून भांडी घासायला लागली. मला वाटलं, आता ही शेताचा रस्ता धरणार. पण दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ओसरीवरून आवाज आला, "मॅडम, आज साखर जरा कमी टाका हं!"

* * *

ह्या किश्श्याला घरात कुणी हसत नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आई रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोन करायची. गुडघ्याचं काही सांगायची नाही. एवढंच विचारायची, "झालं का गं मोकळं?" मी म्हणायची, "होईल."

शुक्रवारी सकाळी तिथल्या सिस्टरचा फोन आला. "तुमच्या आई पाणीच पीत नाहीत. डॉक्टर रागावले तरी ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "द्या तिला फोन." आईला विचारलं, "पाणी का पीत नाहीस?"

ती म्हणाली, "सवय करून घ्यायले. घरी आल्यावर पंचाईत नको."

मी हे तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "मग राहू दे की दवाखान्यात अजून चार दिवस."

मी तिथंच उभ्या उभ्या टाकी उपसणारा टँकर बोलावला. कुणाला विचारलं नाही.

* * *

टँकर दुपारी आला. ड्रायव्हर पाइप सोडत म्हणाला, "चेंबर कुठंय?"

तात्या अंगणातल्या ओट्यावर बसले होते. हा ओटा त्यांनी गेल्या वर्षी हौसेनं बांधून घेतला होता. वर शहाबादी फरशी, बाजूला टेकायला कठडा. संध्याकाळी त्यांची मित्रमंडळी तिथं बसते.

"शोधा की," तात्या म्हणाले. "असंल इथंच कुठंतरी."

अण्णांनी आयुष्यात कधी थोरल्या भावाचा शब्द मोडलेला नाही. तेव्हाही ते आधी तोंडानं काही बोलले नाहीत. नुसतं बोट केलं. तात्यांच्या बुडाखाली!

मग हळूच म्हणाले, "दादा, चेंबरचं झाकण वाईट दिसतंय म्हणून तुमीच तर वर हा ओटा..."

"ओटा फुटणार न्हाय!" तात्यांनी मांडी घातली. "आधी माझ्यावर घण घाला!"

गल्ली जमली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, त्याला पुढं दुसरीकडं जायचं होतं. मी घण आणला.

"बसा तात्या, निवांत बसा. मी कडेनं सुरू करते."

पहिलाच घाव असा बसला की फरशीला तात्यांपर्यंत चीर गेली. गुडघ्याचं काहीही दुखणं नसलेला माणूस किती चटकन उठतो, ते त्या दिवशी सगळ्या गल्लीनं पाहिलं!

झाकण निघालं. टँकरनं वरचं पाणी ओढलं, तरी लाइन मोकळी होईना. पाइपच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. मी हातमोजे घातले आणि लोखंडी आकडी घेतली.

तात्या ओरडले, "तू हात लावू नको! ते काम करणारी माणसं वेगळी असतात."

"का? वापरणारी तर आपणच होतो की!"

आकडी घातली, अण्णांनी मागून धरली, दोघांनी ओढलं. बाहेर आलं सिमेंटचं रिकामं पोतं. ओटा बांधताना आत पडलेलं, सरकत सरकत पाइपच्या तोंडाशी आलेलं! मागोमाग सगळं पाणी धडधडत चेंबरमध्ये उतरलं, तात्यांच्या जीवामृतासकट.

तात्यांनी पोत्याकडं पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि म्हणाले, "बघा! म्या तवाच म्हणत होतो, चेंबरमध्ये कायतरी हाय!"

* * *

शनिवारी आई आली. वॉकर घेऊन, एकेक पाऊल टाकत.

आमच्याकडं थोरल्या दिराशी बाई थेट बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून आई तात्यांशी एक शब्दही बोललेली नव्हती. ताटात भाकरी हवी का, हे विचारायलाही आम्हाला मध्ये घालायची. "शीतल, विचार, भाकरी वाढू का." आणि तात्या समोरच बसलेले! तात्या दिसले की पदर डोक्यावर, नजर खाली. मी चिडायची, ती ऐकायची नाही.

तर आई आली, तांब्याभर पाणी घटाघटा पिली, मॅडमनी आणलेला चहा पिली आणि थोड्या वेळानं वॉकर टेकत संडासात गेली. मी आत बसवून दिलं, दार ओढून घेतलं. तिनं आतून कडी लावली. आत्या, अण्णा, मी, मॅडम, सगळे ओसरीत, जणू निकाल लागायचाय!

तेवढ्यात तात्या शेतातून आले. आई आल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मोबाइल हातात, सरळ संडासाकडं. दार बंद. त्यांनी कडी खडखडवली.

"कोण हाय आत? आटपा लवकर!"

ओसरीत आत्यानं पदर तोंडाला लावला. तात्यांनी पुन्हा कडी खडखडवली.

"अरे, कोण हाय म्हणतो मी!"

"म्या हाय!" आतून आईचा आवाज आला. खणखणीत, घुमणारा. "वेळ लागंल. कडी वाजवू नका!"

तात्यांनी कडीवरचा हात काढला. मोबाइल खिशात घातला. दोन पावलं मागं सरकले आणि बंद दाराकडं बघत हळूच म्हणाले,

"व्हय, व्हय... निवांत होऊ द्या."