रूपीच्या पदराची गाठ

आगरची रूपी सुकी मासळी घेऊन वाणगावच्या बाजाराला जायची आणि येताजाता लोकांचे निरोप न्यायची. निरोप ज्याचा त्याच्याच शब्दांत, कानामात्रा न बदलता. सांगण्याआधी ती पदराला गाठ मारायची, संपला की सोडायची. गाठ असेतो तोंडातलं बोलणं तिचं नव्हे, धाडणाऱ्याचं. त्यात आणखी कुणाचं बोलणं आलं तर वर दुसरी गाठ, आणि ती आधी सुटायची. गाठीतल्या शिव्यांचा जाब रूपीला कुणी कधी विचारला नाही.

अठ्ठावन्न साली देवजी तांडेल, आमच्यातला जाणता होडीवाला, वाणगावला बहिणीकडे तापानं पडला. त्याच्या बायकोच्या, चंद्राच्या अंगणात येऊन रूपीनं गाठ मारली. "चंद्रे, जाळी वाळत घाल. मी येतोच." एवढाच निरोप. ती गाठ सोडणार तोच वाणगावचा माणूस धापा टाकत आला. देवजी गेला होता.

चंद्रानं रूपीचा हात घट्ट धरला. "सोडू नको, बाय. सोडलीस तर ते बोलायचे थांबतील."

रूपीला दया आली. तिनं गाठ तशीच ठेवली. नको तिथली दया अंगाशी येते, तशी आली. ती "बोंबील घ्या" ओरडली तरी चंद्रा उभी राहून ऐकायची. सुनेला हाक मारली तरी चंद्रा दारात, "काय म्हणाले?" गावानंही खूळ उचललं. बायका रूपीपुढे पदर सावरू लागल्या, तांडेलाचा मान म्हणून. रूपी चिडायची, "अगं, मी रूपी आहे, रूपी!" चंद्रा हसायची. "थट्टेची खोड गेली नाही त्यांची."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाठ सोडावी तर देवजीला दुसऱ्यांदा मारल्याचं पाप. ठेवावी तर स्वतः जिवंतपणी नाहीशी. पुढे पुढे तिला आपल्याच आवाजाची भीती वाटू लागली. आम्हालाही वाटायची, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात रूपी तापानं अंथरुणाला खिळली. उशाशी चंद्राच होती.

"चंद्रे, घसा सुकला. पाणी दे गं."

चंद्रा उठली नाही. खाली वाकली. "असं म्हणाले ते शेवटी? पाणी मागितलं? मग दिलं का कुणी?"

रूपीनं पदराची गाठ चाचपली.

"दिलं," ती म्हणाली. "बहिणीनं दिलं. पोटभर प्यालो."

इतक्या वर्षांत चंद्रा पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. मग डोळे पुसत घरी गेली. रूपीला पाणी द्यायचं राहूनच गेलं.