बारा मेचा पाऊस

पोलीस ठाण्यासमोर भाजी विकायला बसणाऱ्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात : लिंबाची सावली आणि पंचगिरी. रोहिणखेडकडच्या आपल्या दोन एकरांतली वांगी आणि मेथी घेऊन दयाराम तालुक्याच्या गावी अठरा वर्षं तिथेच बसत होता. कुठे झडती निघाली, कुठे काही जप्त झालं, की शिपाई रस्ता ओलांडून यायचा. "चाला दयारामभाऊ, सही कराले." पंच म्हणजे पोलीस जे करतात ते शेजारी उभं राहून पाहणारा आणि पाहिल्याची सही करणारा माणूस. लोक हे काम टाळतात, कारण पुढे कधीतरी कोर्टाची पायरी चढावी लागते. दयाराम मात्र शिपाई दिसला की भाजीवर पाणी मारायचं सोडून सदऱ्याची वरची गुंडी लावायचा.

याला कारण टीव्ही. जेवणाच्या वेळेला त्याच्या घरी पोलिसांची मालिका लागायची आणि मालिकेचे कायदे त्याला तोंडपाठ होते. सुरुवातीलाच ज्याला धरून बडवतात, तो निर्दोष. घरच्यांना धीर देत जो सगळ्यात पुढे फिरतो, त्याच्यावर नजर ठेवा. साहेबाची दाढी वाढलेली असणार, बायको माहेरी गेलेली असणार, आणि वरून फोन आला की साहेब तो मध्येच ठेवणार. हत्यार सापडायचं ते अंधारात, पावसात, टॉर्चच्या उजेडात. आधी कुत्रं हुंगणार, मग साहेब हात वर करणार आणि सगळे गप्प होणार. शेवटी आरोपी गुडघ्यावर बसून ओरडणार की हो, मीच मारलं. संपली गोष्ट. कोर्ट दाखवलंच तर नुसता हातोडा आपटलेला दाखवायचे. पंच कुठेच नाही, याचा दयारामला मनापासून राग यायचा.

"हत्यार निंगालं, मंग सही कोनं केली?" तो टीव्हीलाच विचारायचा.

"त्याइले भाजीवाला भेटला नसन," बायको वच्छलाबाई ताट उचलता उचलता म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारच्या गावात शिवम नावाच्या तरण्याताठ्या पोराला कुणीतरी डोक्यात काहीतरी घालून मारलं. आशाबाईचा तो एकुलता एक. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं शेजारच्या शेतातल्या रंगरावशी भांडण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मारताना कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी रंगरावला धरलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, मारलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, कुठे ठेवली ते दाखवतो. शिपाई रस्ता ओलांडून आला. दयाराम आणि कोपऱ्यावरचा एक म्हातारा शिंपी, असे दोन पंच गाडीत बसले. रंगरावने गोठ्यातल्या कुटारातून, म्हणजे गुरांच्या भुशातून, आपल्या हाताने सब्बल काढून दिली आणि दयारामने ती समोर उभं राहून पाहिली. हे खरं आहे, आणि पुढे काहीही झालं तरी ते खरंच राहणार आहे.

संध्याकाळी देवानंदच्या सलूनमध्ये दयारामने सांगितलं, "रंगराव पुढं चालला, कुटारात हात घातला, सब्बल काढली. आमी सह्या केल्या."

देवानंदचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "बस? एवढंच?"

दयारामला ते फार लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुनाचा पंच झालो आणि न्हावी म्हणतो एवढंच! पुढच्या आठवड्यात गोष्टीत एक कुत्रं आलं. पोळ्यापर्यंत टॉर्च आला, आणि टॉर्च आला म्हटल्यावर अंधार आपोआप आला. पाऊस कधी सुरू झाला हे देवानंदलाही सांगता येणार नाही, पण एकदा लागला तो थांबला नाही. तिसऱ्या वर्षी रंगराव गुडघ्यावर बसून रडला. ऐकणारे चहा मागवायचे, नवं माणूस आलं की देवानंदच म्हणायचा, "दयारामभाऊ, ते सब्बलीचं सांगा." दयाराम खोटं बोलत होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. मीठमसाला लावता लावता मूळ भाजीची चव विसरायला होते, तसं त्याचं झालं. डोळे मिटले की त्याला पाऊसच दिसायचा.

सहाव्या वर्षी कोर्टाचं समन्स आलं. दुसरा पंच, तो शिंपी, मधल्या काळात वारला होता. आशाबाई गावाहून दुकानावर आली आणि पाटीशेजारी उकिडवी बसली.

"भाऊ, पाहणारे आता तुमीच एक राह्यले," ती म्हणाली. "जसं झालं तसं सांगजा."

"ताई, तुमी काळजी नका करू. असं सांगतो का जजसाहेबाच्या डोळ्याले पाणी आलं पाह्यजे."

साक्षीच्या सकाळी शिपाई पंचनाम्याची प्रत घेऊन आला आणि एकदा वाचून घ्या म्हणाला. दयारामने हात हलवला. "मले तोंडपाठ आहे." एवढ्या एका वाचण्याने त्या बाईचं सहा वर्षांचं थांबणं कामी आलं असतं. पण आपलीच गोष्ट वाचायला कोण बसतो?

बुलढाण्याच्या कोर्टात तो छान बोलला. सरकारी वकील मध्ये अडवायला बघत होते, पण दयाराम रंगात आला होता. अंधार झाला, कुत्र्याने हुंगलं, साहेबांनी हात वर केला. न्यायाधीशांनी वर बघितलं तेव्हा त्याला वाटलं, बसली गोष्ट. मागच्या बाकावर आशाबाई मांडीवर पिशवी धरून ऐकत होती.

मग रंगरावचे वकील उठले. आवाज मऊ, बोलणं अगदी अदबीचं.

"पाऊस कसा होता, दयारामभाऊ?"

"धो-धो, साहेब."

"मग टॉर्च भिजला असेल."

"साहेबानं रुमाल गुंडाळला होता त्याले."

"आणि कुत्रं?"

"काळं होतं. त्यानंच पहिले हुंगलं."

"वा. आता ही सही तुमची का बघा. आणि वरची तारीख, वेळ जरा मोठ्यानं वाचा."

दयारामने कागद लांब धरला. "बारा मे," तो म्हणाला. मग थांबला. "सकाळी... अकरा."

कोर्टात हसू पसरलं. वकील हसले नाहीत. "बारा मेला, सकाळी अकरा वाजता, आपल्या जिल्ह्यात अंधार आणि धो-धो पाऊस. ठीक आहे."

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, दयारामला ते ऊन आठवलं. सही करताना कागदावर टपटपलेला घाम आठवला. "साहेब," तो कठडा धरून म्हणाला, "सब्बल मातर त्यानंच काढली. माह्या डोळ्यादेखत."

"कोणत्या डोळ्यांनी? पाऊस पाहिला त्याच?"

दयारामने मागे पाहिलं नाही.

चार महिन्यांनी रंगराव सुटला. बाकी पुरावा तुटका होता आणि सब्बलीच्या पंचावर विश्वास ठेवता येत नाही, असं निकालात लिहिलं होतं. पुढच्याच बाजारच्या दिवशी रंगराव दुकानावर आला. एकेक वांगं दाबून पाहत म्हणाला, "किस्सा लय भारी सांगता, दयारामभाऊ." दयारामने किलोभर वांगी तोलून दिली. सवयीने वर एक जास्तीचंही टाकलं, आणि त्या एका वांग्याची त्याला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

सलूनमध्ये जाणं त्याने सोडलं. दाढी घरीच करू लागला. वच्छलाबाईने एकदा मालिका लावली, तो उठून ओट्यावर जाऊन बसला. तिने ती बंद केली.

दिवाळीनंतर आशाबाई आली. तशीच पाटीशेजारी उकिडवी बसली. रागावलेली दिसत नव्हती, नुसती थकलेली होती.

"कोर्टाचं झालं," ती म्हणाली. "आता मले सांगा. त्या दिवशी काय झालं व्हतं?"

दयारामने मेथीच्या जुड्या सरळ केल्या. मग हात थांबवून सांगितलं. "ऊन होतं. अकरा वाजले होते. रंगराव पुढं चालला. गोठ्यात कुटार होतं, त्याच्यात त्यानं हात घातला. सब्बल काढली. शिपायानं बारदानात गुंडाळली, सुतळी बांधली, लाख लावली. आमी सह्या केल्या. मी पानी मांगतलं."

आशाबाई वाट पाहत राहिली. पुढे काही येत नाही हे तिच्या लक्षात आलं.

"एवढंच?"

"हाव ताई. एवढंच."

"मंग एवढंच काऊन नाही सांगतलं, भाऊ?"

दयाराम मेथीवर पाणी मारू लागला. समोरून शिपाई रस्ता ओलांडून येत होता. पाटीजवळ आशाबाई बसलेली दिसली तसा तो अर्ध्यातूनच पलीकडच्या पानवाल्याकडे वळला आणि त्याला म्हणाला, चाला, सही कराले.