चौकातलं सफरचंद

पहिलंच सांगून टाकतो — भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. आम्ही दारव्ह्याचे बौद्ध. घरात कुणी करणी, चकवा असं नुसतं बोललं तरी बाबा ताटावरून उठायचे. शाळेत असताना चौकात उतरून टाकलेला नारळ मी उचलून, फोडून खायचो. पोरं दुरून बघायची आणि मला फार भारी वाटायचं. तीच मस्ती पुढे अंगलट आली.

मी कापसाच्या जिनिंगच्या मशिनी जोडतो. कंपनीनं चार महिन्यांसाठी चीनमधल्या एका कारखान्यात पाठवलं. नवा होतो, त्यामुळे रोज काहीतरी नवीन कळायचं. भर उन्हाळ्यात हॉटेलात कढत पाणी देतात. भाजीवाली नोट घेत नाही, मोबाइलच दाखवायला सांगते. आपलं व्हॉट्सअॅप तिथे चालेना, म्हणून धाकट्या भावाला, विन्याला, तिकडचं अॅप टाकायला लावलं. शेजारचे म्हातारबा मला घरचे दोडके द्यायचे. मी त्यांना एकदा ठेचा दिला... दुसऱ्यांदा त्यांनी हातच जोडले.

राखीच्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी आठला विन्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत खोलीकडे निघालो होतो. तिकडे साडेपाच. तो ओसरीत खुर्चीवर, मागे आई डाळ निवडत होती. इकडे माझ्या खोलीजवळच्या चौकात फुटपाथवर खडूनं रिंगण काढलेलं, आत कागद जळत होते, बशीत भात आणि तीन सफरचंदं. एक बाई काठीनं कागद सारखे करत होती.

"विन्या, बघ! इथंबी उतारा!" मी कॅमेरा फिरवला.

"खाऊन दाखव ना मग, दादा. का फाटली?"

बाई पिशवीतून कागद काढायला वळली. मी रिंगणात पाय टाकला, सफरचंद उचललं आणि कॅमेऱ्यासमोर कचकन चावलं. ती वळली, बघितलं आणि अशी किंचाळली की रस्त्यावरचे लोक थांबले. मी हसत सटकलो. लाज वाटते लिहिताना, पण हसत होतो.

खोलीत पोचलो तरी विन्या हसतच होता. तेवढ्यात त्याची मान एकदम उजवीकडे फिरली. मला वाटलं नाटक करतोय. मग दुसरी थप्पड — आवाज मला ऐकू आला, मारणारं कुणी नव्हतं. खुर्ची उलटली. ओलं धुणं धोपटावं तसा आवाज येत होता. त्याच्या नाकातून रक्त आलं, बनियन लाल झालं, डाव्या कानातूनही धार लागली. आई त्याच्या अंगावर पडली. तिचे हात जिथे नव्हते नेमकं तिथेच फटके बसत होते.

"कोण हाय रे! माह्या लेकराले काहून मारून राह्यले!" आई ओरडत होती. "पोट्टं मरते ना माह्यं!"

मी हजारो मैल लांब, हातात फोन. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नाही. म्हातारबांचं दार वाजवलं, भाषांतराच्या अॅपमध्ये रडत रडत सगळं बोललो. त्यांनी वाचलं, तोंडावर हात ठेवला. त्यांचं उत्तर स्क्रीनवर आलं: ते कुणाची पीडा काढून टाकलेलं नव्हतं. ते जेवण होतं, या महिन्यात इथे मेलेल्यांना असं वाढतात. ती बाई याच गल्लीतली, तिचा मुलगा वारला आहे.

उतारा म्हणजे आपल्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं, एवढंच मला माहीत. आईनं मेलेल्या लेकराला चौकात वाढलेलं ताट असेल, हे डोक्यातही आलं नाही.

माझ्या खोलीत होती नव्हती ती सफरचंदं घेऊन पळत सुटलो. फोन खिशात, आईचा आवाज चालूच. बाई अजून राखेजवळ बसली होती. मी सफरचंदं बशीत ठेवली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून डोकं टेकवलं. तिनं काठी उचलली आणि पाठीत हाणली. एक, दोन, तीन... चौथ्याला काठी मोडली, मग ती हातानं मारायला लागली, आणि मारता मारताच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

खिशातून आईचा आवाज आला, "थांबलं... थांबलं रे बाप्पा."

विन्या वाचला. डाव्या कानाचा पडदा फाटला, त्या कानानं आता ऐकू येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काठीनं कुणी मारलं? पोलिस येऊन गेले. शेजारी म्हणाले, घरात कुणी शिरलंच नाही. फिट आली असेल असं काहीजण म्हणतात. फिट आल्यावर पाठीवर काठीचे वळ उठतात का, मला सांगा. मी अजूनही भूत मानत नाही, आणि जे पाहिलं ते नाकारताही येत नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर विन्यानं एकदाच विचारलं, "दादा, खाल्लं तर तू ना... मंग मले काहून मारलं?"

मी नेटवर्क जाऊन राह्यलं असं सांगितलं आणि कॉल कट केला. नेटवर्क चांगलं होतं.