दत्ताच्या गाडीची किल्ली

शनिवारी सकाळी सासरहून, भऱ्याहून निघाले. घोटवडे फाट्यावर सहासीटर मिळाली. खिंड ओलांडली तशा काचेच्या इमारती दिसायला लागल्या. त्यांच्या अलीकडे माण, माझे माहेर. जिथे आम्ही आवणी (भाताची लावणी) करायचो तिथे आता भाड्याच्या खोल्या आहेत. मालक माझा भाचा दत्ता. भाड्यावर जगतो आणि दुपारपासून पितो.

त्याची बायको मंगल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. तिनेच मला बोलावले होते. शेजारच्या जांबे गावात एक बाई दर शनिवारी दारू पिणाऱ्यांची मुले जमवतात, खेळवतात, त्यांना बोलते करतात. मंगलला सुटी नसते, म्हणून तिच्या मुलीला, तनूला, मी न्यायचे होते. तनू चौथीत आहे.

ती उंबऱ्यावरून हलेना.

"पप्पा पिऊन गाडी काढत्यात, आजी. मी किल्ली लपवते."

"मग किल्ली घेऊनच चल की."

"मग ते भाडेकरूंची गाडी मागत्यात. मला खोल्याखोल्यांत सांगाया लागतं, देऊ नका म्हणून."

पहिल्या खोलीतल्या लातूरच्या बाईला मी विचारले, "मागितली की देता व्हय?"

"घरमालक आहेत, मावशी. नाही कसं म्हणायचं?"

मी दत्ताला अंगणात बोलावले. अजून शुद्धीत होता.

"दत्त्या, तुझ्या बारशाला ह्या कानात नाव मी सांगितलं. आता हेबी ऐक. तुझी राखण करायचं ह्या पोरीचं काम न्हाई."

"आत्या, लोकं बघत्यात."

"त्यांनीबी ऐकावं. ह्याला कुणी गाडी देऊ नका. इचारलं तर आत्यानं सांगितलंय म्हणा."

मी तनूकडून किल्ली घेऊन माझ्या चंचीत (पानाच्या पिशवीत) टाकली. दत्ता खाली बघत म्हणाला, "किल्ली उद्या मागंन."

"भऱ्याला ये. चालत."

जांब्यात तनू आधी रस्त्याकडेच बघत बसली. मग शेजारच्या मुलीला म्हणाली, "तू किल्ली कुटं लपवती?"

"तांदळात."

"आमच्यात तितं सापडती."

बाईंनी दोघींचे ऐकून घेतले. म्हणाल्या, "तुमचे बाबा पितात त्यात तुमची चूक नाही. किल्ली सांभाळणं मोठ्यांचं काम." मग लंगडी सुरू झाली. तनूवर राज्य आले. ती पडली, गुडघा फुटला, तरी खेळत राहिली. रस्त्याकडे बघायचे विसरली होती.

संध्याकाळी तिला मंगलकडे सोपवून घरी आले. दत्ता दारू सोडेल असे मला वाटत नाही. रविवारी तो आला नाही. किल्ली अजून माझ्या चंचीत आहे आणि पानाला लोखंडाचा वास येतो. येऊ दे. येत्या शनिवारी पुन्हा माणला जायचे आहे.