काळे सरांचा गुडघा

भित्र्या माणसाकडे किस्से फार जमतात, हे माझं अनुभवाचं मत आहे. धीट माणूस पिक्चर पाहतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. त्याच्याकडे सांगायला काय उरणार? माझं बघा. आर्वीच्या शाळेतली नोकरी सुटून जमाना झाला, पण चार मित्र बसले की पोतं सुटलंच म्हणून समजा! सगळे किस्से भुतांच्या पिक्चरचे. ऐकणारे हसतात. मला मात्र आजही सांगताना तळहाताला घाम सुटतो. खोटं वाटत असेल तर हात लावून पाहा.

आमची टोळी तिघांची. गणिताचे काळे सर, सायन्सचे मेश्राम सर आणि मी, ड्रिल मास्तर गावंडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही मॅटिनीला. जुना काळा-पांढरा हवेलीवाला असो की कोरा करकरीत रंगीत, भुताचा असला की आम्ही हजर. आणि सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या फिरत्या फळ्याच्या मागच्या बाजूला त्याचं परीक्षण. मास्तरांचं परीक्षण म्हणजे काय? मार्क! भूत पंचवीस, हवेली पंचवीस, किंकाळी पंचवीस, संगीत पंचवीस. पस्तीसला पास. गावातले लोक तिकीट काढायच्या आधी विचारायचे, "सर, किती पडले?"

मेश्राम सर तपासायला कडक. "उलट्या पायानं कोणी इतकं जोरात पळू शकते काय? पाच कट!"

काळे सर दयाळू. "राहू दे गा. मेल्यावरही मेहनत करून राह्यली बिचारी. ग्रेस देऊन टाक."

*

आता खरी भानगड सांगतो. काळे सरांचं हृदय नाजूक होतं. नागपूरच्या डॉक्टरने त्यांना मीठ, जिने आणि भीती, तिन्ही बंद करायला सांगितलं होतं. सरांनी मीठ सोडलं, जिने सोडले. तिसऱ्याचं नाव काढलं की म्हणायचे, "थोडं थोडं चालते."

एक दिवस काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला घरी बोलावून घेतलं. "गावंडे भाऊ, हे काई आयकत नाईत. तुम्ही ड्रिलवाले, धीट माणूस. तुमच्या भरवशावर पाठवतो यायले. पण काई झालं ना, तर मी तुमच्याच दारात येऊन बसीन!"

धीट माणूस! छाती रुंद आणि गळ्यात शिट्टी असली की लोक काहीही समजतात. अहो, मी अंधारात पाणी प्यायला उठायचो नाही, बायकोला उठवायचो. पण काकूंना हे सांगणार कोण?

मग आम्ही एक पद्धत काढली. मी शुक्रवारी एकट्याने जाऊन पिक्चर पाहायचा. भूत कुठं येतं, दार कुठं वाजतं, सगळं पाठ करायचं. शनिवारी सरांच्या शेजारी बसायचं आणि धोक्याची जागा आली की त्यांचा गुडघा दाबायचा. गुडघा दाबला की सरांनी डोळे मिटायचे, कानात बोटं घालायची. सोडला की उघडायचे. म्हणजे हिशोब असा, की हृदय त्यांचं नाजूक आणि प्रत्येक भूत दोनदा पाहायचं मी!

*

पहिल्याच शनिवारी घोटाळा. जुना हवेलीचा पिक्चर होता. मेणबत्ती घेतलेली बाई जिन्यावर दिसली, मी गुडघा दाबला. आदल्या दिवशी पाहिलेली बाई, तीच मेणबत्ती, तरी माझी अशी टरकली की दाबलेला गुडघा सोडायचं भानच राहिलं नाही. सर शिस्तीचे माणूस. इशारा नाही, म्हणून डोळे उघडले नाहीत. पिक्चर संपला, लाइट लागले, तेव्हा मेश्राम सरांनी माझी बोटं एक एक करून सोडवली.

सर बाहेर येऊन म्हणाले, "गावंडे, पिक्चर लय शांत होता."

सोमवारी फळ्यावर त्यांच्या रकान्यात लिहिलेलं होतं, "भूत: गैरहजर."

*

रोहण्याला टुरिंग टॉकीज आली होती. तंबू, खाली सतरंज्या, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. आदल्या दिवशी मी सायकलने जाऊन पिक्चर पाठ करून आलो होतो. अगदी तयार होतो, म्हणा ना.

पण त्या दिवशी ऑपरेटरने रिळं उलटसुलट लावली! बाई मरायची होती तोच तिचं भूत आलं. मी गाणं येणार म्हणून सरांना "बसा आरामात" सांगितलं आणि पडद्यावर कवटी! गुडघा दाबला, तर नायक-नायिका झाडाभोवती! मेश्राम सर वैतागून विचारतात, "अरे, पण हे मेली कवा?"

शेवटी ते भूत नको तिथे असं अंगावर आलं की काळे सर जागच्या जागी उडाले आणि छातीवर हात ठेवून गप्प झाले. डोळ्यांसमोर पडदा नाही, माझं दार दिसत होतं आणि दारात बसलेल्या काकू. "सर! सर, बोला ना काहीतरी! पाणी आणू काय?"

सरांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "पायऱ्या चुकल्या, उत्तर बरोबर आहे. अर्धे मार्क देऊ."

*

एकदा शाळा तपासणी होती. साहेब वर्धेहून आले. हेडमास्तरांनी सगळी शाळा चकाचक करून घेतली, फक्त फळ्याची मागची बाजू राहिली. साहेबांनी स्टाफरूममध्ये येऊन फळा फिरवला. वर ठळक अक्षरांत: "भूत नापास. चेटकीण ग्रेसने पास. प्रेत: प्रगती समाधानकारक."

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात बदलीच्या गावाला पोचलोसुद्धा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सगळे आकडे सावकाश वाचले.

"हे कोणी तपासलं?"

मेश्राम सर उभे राहिले. "मी, साहेब."

"मी पाहिलाय हा पिक्चर," साहेब म्हणाले. "चेटकिणीवर अन्याय झाला आहे. रीचेकिंग करा!"

*

पुढे व्हिडिओचे दिवस आले. एका सहकाऱ्याच्या लग्नाला जाम गावी गेलो होतो. लग्नाला वेळ होता आणि हायवेवर टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओवर इंग्रजी भुताचा पिक्चर चालू होता. मी आधी पाहिलेला नाही, म्हणून मी नाही म्हणत होतो. मेश्राम सरांनी मला झाडलं. "अरे, कायचं भेव? आमच्या घरी भूत-प्रेत छप्पन सालीच, दीक्षेसंगं, बंद झालं. अन् हे तर इंग्रजी भूत, त्याले मराठी समजतही नाई!"

आत बसलो. मी एका हाताने सरांचा गुडघा धरलेला, दुसऱ्या हाताने खुर्ची. तेवढ्यात पडद्यावर एकाचा हात तुटला, रक्ताची चिळकांडी उडाली आणि शेजारी धपकन आवाज आला. माझा जीवच गेला! वळून पाहतो, तर काळे सर ठणठणीत. खाली पडले होते मेश्राम सर!

त्यांना बाहेर आणलं. काळे सर लग्नपत्रिकेने वारा घालत होते आणि लोक मला विचारत होते, "यायच्यापैकी हार्टवाले कोणते?"

मेश्राम सरांनी डोळे उघडले आणि तशाही अवस्थेत आपला मुद्दा सोडला नाही. "भूत नाई मानत मी. रगत मानतो."

*

काळे सर रिटायर झाले आणि वर्धेला लागून असलेल्या सिंदी मेघेला मुलाकडे राहायला गेले. तिथे त्यांना अटॅक आला. मोठा. पिक्चरच्या वेळी नव्हे, सकाळी पेपर वाचताना. वाचले, पण आमचं सगळं तिथेच थांबलं. मेश्राम सर आणि मी, दोघांनी भुताचं नावही काढायचं नाही असं ठरवलं. भेटायला जायचो ते कापसाच्या भावावर बोलून परत यायचो. सर "हो, हो" करायचे. त्यांचं लक्ष नसायचं. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मी एकटाच गेलो, तर काकू लुगडं बदलून, पायात चपला घालून तयार. "बरं झालं आले. चला, वर्धेच्या टाकीजमधे भुताचा नवा पिक्चर लागला म्हणे. मी बी येतो."

"काकू, नाही! मी पाहिलेला नाही तो. कुठं काय येतं, मला काहीच माहीत नाही!"

"रिक्षा बलावा," काकू म्हणाल्या.

तिघं बसलो. सर मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला काकू. काकूंनी जन्मात भुताचा पिक्चर पाहिला नव्हता. मी पडद्याकडे कमी आणि सरांच्या छातीकडे जास्त पाहत होतो. वरखाली होते ना? होते. परत पाहायचो.

मध्यंतरानंतर विहिरीतून ती बाई वर आली. सगळं थेटर किंचाळलं. माझा हात सवयीने सरांच्या गुडघ्याकडे गेला, तो काकूंनी पुढे वाकून वरच्यावर धरला. काकू पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या सरांकडे पाहत होत्या.

"काकू, मी नेतो यांना बाहेर," मी म्हणालो. "काही झालं तर..."

"बसा चूप." काकू माझ्या कानाशी आल्या. "घरी हे दिवसभर खुर्चीत नाडीवर बोट ठेवून बसून राह्यतात. ताट वाढलं तरी मोजतात, नातू मांडीवर बसला तरी मोजतात. त्या खुर्चीत पाहून मले भेव वाटते, भाऊ. इथं नाई वाटत."

मी सरांकडे पाहिलं. सर पुढे झुकलेले, तोंड लहान पोरासारखं उघडं, आणि दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

"यायचे हात पाहा," काकू म्हणाल्या.