मामांच्या पावलांची दिल्ली

जगात विश्वास ठेवावा अशी मापं दोनच, एक पॅरिसला पेटीत जपून ठेवलेला मीटर आणि दुसरं माझ्या थोरल्या मामांचं पाऊल, असं त्या काळी आमच्या वटार गावात कुणीही सांगितलं असतं. तेही पॅरिसबद्दल जरा शंका घेऊनच. मामांचं पाऊल अडीच फुटांचं. ते उन्हात वाढत नसे, थंडीत आखडत नसे. दोघा भावांना केळीची वाडी वाटून घ्यायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, मामांना बोलावणं येई आणि मामा धोतराचा सोगा हातात धरून, देवदर्शनाला निघाल्यासारख्या चेहऱ्यानं चालू लागत. एकदा सरकारी मोजणीदाराची साखळी आणि मामा यांच्यात दोन फुटांचा फरक निघाला. मामा शांतपणे म्हणाले, "साखळी जरा झटकून बघा." मोजणीदारानं पुन्हा मोजलं आणि साखळी मुकाट मामांच्या म्हणण्यावर आली.

वाहनांचा त्यांना मनस्वी तिटकारा. माणिकपूरला काम निघालं तरी चालत. वाटेत एसटी गेली की इस्पितळात नेत असलेल्या पेशंटांकडे बघावं तसे ते आतल्या प्रवाशांकडे बघत. "बसलेल्या माणसाला गाव दिसत नाही रे, नुसतं निघून जातं," असं त्यांचं मत. अशा माणसानं ऐंशी सालच्या सुमारास मामीला दिल्ली दाखवायची ठरवली. आगगाडीला नाइलाजानं सूट मिळाली, पण दिल्लीत पाय ठेवल्यावर सगळं पायी. मामीची मागणी एकच होती, राष्ट्रपती भवनाच्या बागेतले गुलाब. जन्मभर पहाटे उठून मोगरा खुडणाऱ्या त्या बाईला एकदा दुसऱ्या कुणी लावलेली फुलं नुसती बघायची होती.

नेमकं त्याच वर्षी, मे महिन्यात, मला ऑफिसच्या कामानं दिल्लीला जायचं होतं. मामांनी मला अंगणात उभं केलं, माझ्या घोट्यांना अडीच फुटांची सुतळी बांधली आणि ती दर पावलाला ताठ होईल असं आठ दिवस चालवलं. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप.

"मामा, लोक बघतायत."

"बघू देत. बैलाला शिकवताना बघतात, तसंच हे. आता ऐक, प्रत्येक ठिकाणापासून पुढच्या ठिकाणापर्यंत पावलं मोजून आण. माझ्या पावलांत."

बरीच वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो. मी मोजली नाहीत. लाल किल्ला ते जामा मशीद तेवढं इमानानं मोजलं. मग ऊन लागलं. इंडिया गेटला मी रिक्षानं गेलो. समोर सरळसोट रस्ता आणि टोकाला राष्ट्रपती भवनाचा घुमट, हात लांबवला तर लागेल असा. झाडाखाली बसून, थंडगार सरबत पीत मी वहीत लिहिलं, अकराशे. मग खरं वाटावं म्हणून त्यात सात मिळवले.

मामांनी त्या आकड्यांची दिल्ली वटारात उभी केली. वाडीचं फाटक हे इंडिया गेट झालं आणि तिथून बरोबर अकराशे सात पावलांवर आली पिठाची गिरणी. तेच राष्ट्रपती भवन! रोज सकाळी मामा-मामीचा सराव चाले. कुठं टेकायचं, पाणी कुठं प्यायचं, मामीचा गुडघा कितव्या पावलाला बोलू लागतो, सगळं वहीत टिपलेलं. दिल्लीचा विषय निघाला की मामा घरची बोली सोडून शाळामास्तरासारखं छापील बोलत, "आता आपण उजवीकडे वळणार आहोत." गावानंही ते उचललं. गिरणीवाला लांबून ओरडे, "काका, आज राष्ट्रपती भवन बंद! लाईट गेलीय!"

"बंद तर बंद," मामी म्हणे. "राष्ट्रपतींना सांग, माझं दळण संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

सगळे हसत. मीही हसत असे.

फेब्रुवारीत दोघं जाऊन आली. मी भेटायला गेलो तर मामीनं चहा पुढं केला आणि म्हणाली, "गुलाब नाही दिसले, बाबा. पोचलो तेव्हा बागेचं दार लावून घेतलेलं. शेवटचा दिवस आमचा."

मामा वहीकडे बघत होते. "अकराशे सात झाली आणि भवन होतं तिथंच. तीन हजारांवर गेलो. मध्ये हिला झाडाखाली बसवावं लागलं." मग वही मिटून म्हणाले, "माझं पाऊल आखूड झालंय रे."

माझ्या आकड्याचा संशय त्यांना शिवलासुद्धा नाही. माझं पाऊल त्यांनी स्वतः सुतळीनं बांधून तयार केलेलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.

पुढच्याच महिन्यात शेजाऱ्याकडे मांडव घालायचा निघाला. मामा म्हणाले, "टेप आणा."

"काय काका, थट्टा करता! तुम्ही असताना टेप?"

मामा घरात गेले. त्यानंतर त्यांनी कुणाचं काही मोजलं नाही. माणिकपूरलाही ते एसटीनं जाऊ लागले.

मामी गेली त्याच्या पुढच्या वर्षी, एका दुपारी ओटीवर मी त्यांना सगळं सांगितलं. रिक्षा, सरबत, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "सात कशाला घातलेस?"

"खरं वाटावं म्हणून."

मामा उठले. धोतराचा सोगा हातात धरला. "इथून विहीर चाळीस," असं स्वतःशीच पुटपुटत पायऱ्या उतरले आणि चालू लागले. एकावन्न भरली. परत येऊन ते पायरीवर टेकले.

"आता झालंय आखूड," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू आवाजात, "तेव्हा नव्हतं ना?"

"नव्हतं, मामा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उगीच अबोला धरलेल्या सख्ख्या भावाकडे बघावं तसे ते कितीतरी वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले.